टीव्हीच्या मागची तेरावी पिन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळी आली की तुमच्या पेपरात पानभर टीव्ही आणि साऊंडबारच्या जाहिराती असतात, ५५ इंची, ६५ इंची, अमुक वॉटचा आवाज, हप्ता किती, जुना द्या नवा न्या. पण ते सगळं घरी आणल्यावर एकमेकांना जोडायचं कसं आणि एका रिमोटवर चालवायचं कसं याबद्दल मराठीत चार सरळ ओळी कुठे वाचायला मिळत नाहीत. मी बरेच दिवस याच्यामागे होते म्हणून लिहितेय. पत्र लांबलंय, पण छापताना मधलं तांत्रिक कापू नका ही विनंती, लोकांना नेमकं तेच हवंय.

माझी आई ७८ वर्षांची, नेरुळला सिडकोच्या जुन्या घरात एकटी राहते, मी ठाण्याला कोपरीत. ट्रान्सहार्बरने लांब नाही, पण रोज जाणंही होत नाही. तिला गेली तीन-चार वर्षं कमी ऐकू येतं. आवाज येतो गं पण शब्द कळत नाहीत असं ती म्हणते, आणि ते खरंच आहे, वय झालं की आधी वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होतं, मग स, श, त अशी अक्षरं निसटतात आणि वाक्य अर्धवटच कानावर पडतं. त्यात आताचे पातळ टीव्ही, बहुतेकांचे स्पीकर खाली नाहीतर मागे भिंतीकडे तोंड करून बसवलेले. म्हणून समोर तोंड असलेला साऊंडबार घेतला, त्यात बोलणं ठळक करायचा मोड आहे. भाच्याने तिला कीर्तनं आणि जुनी नाटकं बघायला एक स्ट्रीमिंग स्टिक, म्हणजे इंटरनेटवरचे कार्यक्रम टीव्हीवर दाखवणारी छोटी कांडी, आणून दिली. झालं, टीव्ही, केबलचा सेट टॉप बॉक्स, साऊंडबार, स्टिक, चार वस्तू आणि चार रिमोट. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचं रबरबँड लावलं, वहीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं, आधी लाल, मग हिरवा, मग पिवळ्यावर आवाज.

आषाढीच्या पहाटे ती पंढरपूरची महापूजा बघायला उठली. टीव्ही लावला, गाभारा दिसला आणि पंधरा-वीस सेकंदात चित्र गेलं. बंद करून परत लावला, परत तसंच. सकाळी मला फोनवर म्हणाली, "अगं, विठोबा येतो आणि पळतो, मग नुसते फोटोच फोटो दिसतात." मी ऑफिसला निघालेले, मला काही कळलं नाही, मी म्हटलं लाल रिमोट दाब, तिने दाबला, काही झालं नाही. त्या दिवशी तिची पूजा बघायची राहिली ती राहिलीच. दोन दिवसांनी बोलावलेला टेक्निशियन आला, पाच मिनिटं बघितलं, टीव्हीचा मेन बोर्ड गेलाय, सात हजार लागतील म्हणाला आणि व्हिजिटचे पाचशे घेऊन गेला. त्यानंतर नऊ दिवस आईने टीव्हीच लावला नाही. आपल्याच हातून काहीतरी चुकीचं दाबलं गेलं आणि सात हजारांचं नुकसान झालं असं तिने मनाला लावून घेतलं होतं आणि मला बोलली नाही. हे मला अजून सहन होत नाही.

मी स्वतः रबाळेला एमआयडीसीत पीसीबीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्डांच्या कारखान्यात बारा वर्षं टेस्टिंगला होते. बोर्ड गेलेला टीव्ही रोज बरोब्बर वीस सेकंद नीट चालत नाही, एवढं मला कळतं. रविवारी गेले, टीव्ही भिंतीपासून पुढे घेतला आणि मागे बघितलं. स्टिकला करंट टीव्हीच्याच यूएसबी पोर्टमधून दिलेला होता, तिचा स्वतःचा अडॅप्टर खोक्यात तसाच पडून. म्हणजे काय व्हायचं, आई टीव्ही बंद करायची तेव्हा स्टिकचाही करंट जायचा, टीव्ही लावला की स्टिक पहिल्यापासून सुरू व्हायची, तिला उठायला वीस सेकंद लागायचे आणि उठल्या उठल्या ती टीव्हीला सांगायची की आता माझं चित्र दाखव. टीव्ही बिचारा ऐकायचा आणि केबलच्या बॉक्सवरून स्टिकवर उडी मारायचा. आईने लाल रिमोटवर कितीही बटणं दाबली तरी तो बॉक्सचा रिमोट, बॉक्स आतल्या आत चॅनल बदलत होता आणि टीव्ही दुसरीकडेच बघत होता. मी स्टिक तिच्या अडॅप्टरवर भिंतीच्या प्लगमध्ये लावली. आजार गेला. खर्च शून्य.

आता ही स्टिक टीव्हीला सांगते म्हणजे कशातून सांगते, तर तिचं चित्र आणि आवाज ज्यातून टीव्हीत जातो त्याच एचडीएमआय केबलमधून. एचडीएमआयच्या प्लगमध्ये १९ पिना असतात, त्यातली तेरावी पिन चित्रासाठी नाही आणि आवाजासाठीही नाही. ती वस्तूंनी एकमेकींना निरोप द्यायची एक साधी तार आहे, तिला सीईसी म्हणतात, म्हणजे कन्झ्युमर इलेक्ट्रॉनिक्स कंट्रोल. एचडीएमआय आलं डिसेंबर २००२ मध्ये, आणि २००५ च्या १.२ए आवृत्तीत सीईसीचे सगळे हुकूम आणि त्यांच्या चाचण्या पूर्ण लिहून ठरल्या. त्याला वीसेक वर्षं झाली. आणि अजून आपल्याकडे चार रिमोटला चार रबरबँड.

चित्राच्या तारा सेकंदाला अब्जावधी बिट वाहतात आणि ही तेरावी तार सेकंदाला जेमतेम ४०० बिट, म्हणजे अगदी सावकाश, पण निरोपही तेवढेच छोटे, मी चालू झाले, तू बंद हो, आवाज एक घर वाढव. महत्त्वाची गोष्ट अशी की ही तार सगळ्यांत मिळून एकच असते. टीव्हीला चार पोर्ट असले तरी सीईसीच्या दृष्टीने सगळ्या वस्तू एकाच तारेला लटकलेल्या. माझं लहानपण नौपाड्यात चाळीत गेलं, तेव्हा खालच्या दुकानात सगळ्या चाळीत मिळून एक फोन होता, एकाचं बोलणं चालू असेल तर बाकीच्यांनी थांबायचं, आणि कुणी रिसीव्हर नीट ठेवला नाही तर सगळ्यांचेच निरोप अडकायचे. इथेही तसंच होतं. एखादी बिघडलेली वस्तू, कधी कधी तर बंद पडून नुसती जोडून ठेवलेली जुनी वस्तू ती तार दाबून धरते आणि मग बाकीच्या चांगल्या वस्तूसुद्धा मुक्या होतात. लोक मग नव्या साऊंडबारला दोष देतात आणि गुन्हेगार खालच्या कप्प्यातला सात वर्षांचा डीव्हीडी प्लेअर असतो.

प्रत्येक वस्तूला दोन ओळखी मिळतात. एक पत्ता, तो आपल्या नवी मुंबईच्या सेक्टर-प्लॉटसारखा आहे. टीव्ही म्हणजे ०.०.०.०, त्याच्या दुसऱ्या पोर्टला लावलेला साऊंडबार २.०.०.०, आणि त्या साऊंडबारच्या पहिल्या पोर्टला लावलेली स्टिक २.१.०.०. वायर दुसऱ्या पोर्टला हलवली की पत्ता बदलतो, म्हणून चालू असताना वायरी इकडच्या तिकडे केल्या की सगळ्यांचा गोंधळ होतो. दुसरी ओळख म्हणजे काम, टीव्ही शून्य नंबर, आवाजवाला पाच नंबर, आणि प्लेअर जातीच्या वस्तूंना ४, ८ आणि ११ अशा नेहमीच्या तीनच जागा. माझ्या एका मैत्रिणीकडे वाशीला मुलाचा गेमचा बॉक्स, ब्लू-रे प्लेअर आणि दोन स्टिक असं सगळं एकदम लावलेलं होतं आणि चौथी वस्तू कधीच कुणाचं ऐकायची नाही. दुकानदाराने तिला तीन वेळा केबल बदलून दिली. एक स्टिक काढल्यावर सगळं चाललं.

आईकडे दुसरी भानगड आवाजाची होती. इन्स्टॉलेशनला आलेल्या माणसाने साऊंडबार ऑप्टिकल वायरने जोडला होता. ऑप्टिकल वाईट नाही, पण त्यात प्रकाशाने फक्त आवाज एका दिशेने जातो, हुकूम जातच नाही, म्हणून टीव्हीच्या रिमोटने साऊंडबारचा आवाज कमी-जास्त होत नव्हता. वर टीव्हीला सांगायला कुणी नाही की आता तू गप्प बस, त्यामुळे टीव्हीचे स्पीकर आणि साऊंडबार दोन्ही बोलत होते आणि दोघांत बारीकसा फरक, प्रत्येक शब्द जणू दोनदा. धडधाकट कानाला ते नुसतं पोकळ वाटतं. आईसारख्या कानाला मात्र त्यात होतं नव्हतं तेही कळेनासं होतं, म्हणजे जिच्या कानासाठी पंधरा हजार घातले तिलाच आधीपेक्षा कमी कळत होतं, आणि साऊंडबार चांगला नाही असं आम्ही धरून चाललो होतो.

टीव्हीच्या मागे एका एचडीएमआय पोर्टशेजारी एआरसी (ARC, म्हणजे ऑडिओ रिटर्न चॅनल) किंवा ईएआरसी (eARC) अशी बारीक अक्षरं असतात, बहुतेक टीव्हींना असा एकच पोर्ट असतो. साऊंडबार त्याच पोर्टला लावायचा, आणि साऊंडबारच्याही ज्या पोर्टवर एआरसी लिहिलंय तिथेच. एआरसी २००९ मध्ये एचडीएमआय १.४ बरोबर आलं, त्याआधी एचडीएमआयमधून आवाज फक्त टीव्हीकडे जायचा, एआरसीमुळे तो त्याच वायरीतून उलटा साऊंडबारकडे येऊ लागला. पुढे २.१ बरोबर २०१७ मध्ये ईएआरसी आलं, त्यातून कॉम्प्रेस न केलेला मल्टिचॅनल आवाज जातो आणि ओठ नि आवाज जुळवायची सोयही त्यातच आहे. पण साधं एआरसी सीईसीच्या आधारावर उभं आहे, सेटिंगमध्ये सीईसी बंद असेल तर वायर बरोबर पोर्टमध्ये असूनही आवाज येत नाही, आणि इथेच निम्मे लोक हरतात. नेरुळला मी वायर बदलली, सेटिंग चालू केलं, टीव्हीचे स्पीकर आपोआप गप्प झाले, टीव्हीच्या रिमोटने साऊंडबारचा आवाज हलायला लागला. त्या संध्याकाळी आई म्हणाली, हा माणूस स्पष्ट बोलतो. माणूस तोच होता, रोजच्या बातम्यांचा.

मग हे सेटिंग लोक चालू का करत नाहीत? कारण ते सापडत नाही. सीईसी हे नाव जवळजवळ कुठेच ठळक लिहिलेलं नसतं, प्रत्येक कंपनीने आपापलं नाव ठेवलंय. सॅमसंगमध्ये एनीनेट प्लस, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक, एलजीमध्ये सिम्पलिंक, पॅनासॉनिकमध्ये व्हिएरा लिंक, फिलिप्समध्ये इझीलिंक, शार्पमध्ये अ‍ॅक्वोस लिंक, तोशिबामध्ये रेग्झा लिंक. पिन तीच, तार तीच, हुकूमही मूळचे तेच. सामान्य माणसाला वाटतं की ही त्या कंपनीची खास सोय आहे आणि दुसऱ्या कंपनीच्या साऊंडबारबरोबर चालणारच नाही, दुकानातही तसंच सांगितलं जातं, एकाच कंपनीचं घ्या मॅडम नाहीतर जमणार नाही. आवाज, चालू-बंद आणि इनपुट बदलणं एवढं तर दोन वेगळ्या कंपन्यांतही बहुतेक वेळा नीट जमतं, आईकडे टीव्ही आणि साऊंडबार वेगळ्या कंपनीचेच आहेत. अडतं ते पुढच्या बारीकसारीक हुकमांत, कारण नियमाप्रमाणे केबलमध्ये ही तार असायलाच हवी पण वस्तूने ती वापरायची की नाही आणि किती हुकूम पाळायचे हे कंपनीवर सोडलंय. मला वाटतं मूळ चूक तिथेच झाली.

आपल्या घरांतली एक सवय मात्र परदेशातल्या माहितीपत्रकात कुणी लिहीत नाही. आपण रात्री झोपताना टीव्ही बोर्डावरून बंद करतो. आईची चाळीस वर्षांची सवय आहे, पावसाळ्यात वीज कडाडली की तर नक्कीच, आणि त्यात तिचं काही चूक नाही. पण बोर्डावरून बंद केलेल्या वस्तूला निरोप कसा पोचणार? सीईसीने जागं करायचं तर वस्तू स्टँडबायवर, म्हणजे लाल दिवा चालू ठेवून झोपलेली हवी. आम्ही मधला मार्ग काढला, चारही वस्तू एकाच स्पाइक गार्डवर, त्यामुळे बंद झाल्या तर सगळ्या एकदम आणि चालू झाल्या तरी एकदम. सकाळी आईने बोर्ड लावायचा, पूजा आटोपून यायचं आणि मग रिमोट हातात घ्यायचा, तेवढ्या वेळात स्टिकचं उठणं, पत्ते ठरणं सगळं होऊन गेलेलं असतं. पाऊस आणि गडगडाट असेल तर पूर्वीसारखं सगळं बंद.

कुणाचं अडलंच असेल तर मी हे करून बघितलंय आणि आतापर्यंत ओळखीच्या सहा-सात घरांत ते चाललंय. सगळ्या वस्तूंचे प्लग भिंतीतून काढायचे, नुसतं रिमोटने बंद करून उपयोग नाही, एचडीएमआयच्या वायरी पण काढायच्या, पाच-दहा मिनिटं तसंच ठेवायचं. मग टीव्ही एकटा चालू करून त्याचं सीईसीचं सेटिंग बघायचं, नंतर साऊंडबार एआरसीच्या पोर्टला, आवाज येतोय आणि टीव्हीच्या रिमोटने हलतोय याची खात्री झाली की पुढची वस्तू, एका वेळी एकच. ज्या वस्तूनंतर बिघडेल तीच खोडकर, तिच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन तेवढ्या एकीचं सीईसी बंद करायचं, बाकीच्यांचं चालू राहू दे. मध्ये स्वस्तातला एचडीएमआय स्विच किंवा स्प्लिटर असेल तर तो आधी काढून बघा, कित्येकांत तेरावी पिन पुढे जोडलेलीच नसते. आणि बटण दाबल्यावर पाच-सहा सेकंद थांबायचं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की उठत असलेली वस्तू परत झोपते, हे मी आईला वहीत लाल पेनने लिहून दिलंय.

आता घोडबंदर रोडला, खारघरला नवीन फ्लॅट घेणाऱ्यांसाठी एवढंच, इंटीरियरवाला भिंतीत वायर पुरून वर पॅनेल मारतो तेव्हा पाइप जाड टाकायला सांगा. वायरिंगचा नेहमीचा २० मिलिमीटरचा पाइप असतो त्यातून एचडीएमआयचा प्लग जात नाही, मग उद्या वायर खराब झाली तर पॅनेल फोडावं लागतं. आणि टीव्हीपासून साऊंडबारपर्यंत एक एचडीएमआय हवीच, फक्त ऑप्टिकल टाकून घेऊ नका.

एक गोष्ट मात्र मला सोडवता आली नाही, केबलचा सेट टॉप बॉक्स. आईच्या बॉक्सला सीईसी येतच नाही, मेनूमध्ये तसं काही नाहीच, आणि बाकी ज्या घरांत बघितलं तिथे केबलच्या बॉक्सचं बहुतेक असंच. म्हणजे ज्या वस्तूचा रिमोट म्हातारी माणसं दिवसभर हातात धरतात नेमकी तीच बोलत नाही. काही टीव्हींमध्ये बॉक्सची कंपनी निवडली की टीव्हीचाच रिमोट इन्फ्रारेडने बॉक्सचे चॅनल बदलतो, पण आईच्या टीव्हीत ती सोय नाही. दूरसंचार नियामक ट्रायने एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली होती की सेट टॉप बॉक्स असे असावेत की ऑपरेटर बदलला तरी बॉक्स बदलायला लागू नये. त्याचा विचार जेव्हा होईल तेव्हा बॉक्समध्ये सीईसी सक्तीचं करा हेही त्यात घाला, अशी माझी मागणी आहे. भारतीय मानक ब्युरोने (बीआयएस) जानेवारी २०२३ मध्ये चार्जिंगच्या टाइप-सी पोर्टचं मानक जाहीर केलं तेव्हा घरात चार चार्जर नकोत हा विचार झालाच ना, मग चार रिमोटचा पण व्हावा. निदान खोक्यावर सगळ्या कंपन्यांनी एकाच नावाने, मराठीत, मोठ्या अक्षरात लिहावं की यात एचडीएमआय सीईसी आहे, एआरसीचा पोर्ट कुठला, आणि कुठले हुकूम चालतात.

दुकानदारांना पण सांगणं आहे. पंधरा-वीस हजारांची वस्तू विकता तर इन्स्टॉलेशनच्या माणसाला दहा मिनिटं जास्त द्या, त्याने ग्राहकासमोर एका रिमोटने टीव्ही लावून, आवाज वाढवून, बंद करून दाखवल्याशिवाय कागदावर सही घेऊ नये. त्या पोरांना दिवसाला दहा-बारा घरं करायची असतात, त्यांचा सगळा दोष आहे असं मी म्हणत नाही, त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं. पण न बघता बोर्ड गेलाय असं एकट्या म्हातारीला सांगून सात हजार मागणं हे वेगळं, त्याला माफी नाही. असं कुणाचं झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, तिथे तक्रार करा.

नेरुळ-वाशीला महापालिकेची ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्रं आहेत, ठाण्यातही ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. तिथे एक टीव्ही, एक साऊंडबार ठेवून तासाभराचं प्रात्यक्षिक कुणी ठेवणार असेल तर मी शनिवारी-रविवारी यायला तयार आहे, पैसे नकोत. आणि संपादक महाशय, तुम्हाला एक विनंती. वर मी कंपन्यांची ती सात नावं दिलीयत, ती आणि एआरसीचा पोर्ट कसा ओळखायचा याचं चित्र तुमच्या रविवारच्या पुरवणीत मोठ्या टायपात छापा, कापून टीव्हीच्या मागे चिकटवता येईल एवढ्या आकारात. आईकडे मी ते हाताने लिहून चिकटवलंय, पण शेजारच्या दोन काकू रोज विचारतायत आणि माझं अक्षर त्यांना लागत नाही.

आपली,
एक वाचक
कोपरी, ठाणे (पूर्व)